गाढवीचे चोवीस दिवस

शेवट आधीच सांगतो. 2012च्या पशुगणनेत देशात सुमारे 3.20 लाख गाढवं होती, 2019च्या गणनेत 1.24 लाख. सात वर्षांत 61 टक्के घट. यंत्रं, कत्तल, कातड्याचा चोरटा व्यापार ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. जन्मालाच न आलेल्या शिंगरांचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

बालाघाटजवळ, वैनगंगेकाठच्या वीटभट्टीवर राबणारी एक गाढवी कल्पून घड्याळ लावू. बीज सुटण्याची वेळ: सोमवार, पहाटे 4.

मंगळवार, पहाटे 4. उरले 144 तास.
मागच्या चक्रातलं प्रोजेस्टेरॉन संपलं आहे. अंडाशयावरचं, बीज वाढवणारं एक पुटक 25 मिलिमीटरच्या घरात गेलंय आणि त्यातून इस्ट्रोजेन रक्तात चढतंय. गाढवी माजावर येते.

सकाळी 7.
विटा लादताना ती मान पुढे ताणते, कान मागे पाडते, तोंडाची उघडझाप करत जबडा वाजवते. लाळ गळते. गाढवीच्या माजाची ही खास खूण. प्रौढ घोडीत ती सहसा दिसत नाही. मालकाला वाटतं, भूक लागली असेल. तो कडबा टाकतो.

गुरुवार, पहाटे 4. उरले 96 तास.
गाईमध्ये पीयूषिका ग्रंथीचा, बीज सोडायला लावणारा एलएच एकदम उसळतो आणि ओसरतो. गाढवीत तो घोडीसारखा दिवसेंदिवस हळूहळू चढत राहतो. माज 5 दिवस टिकेल की 10, बाहेरून कळत नाही. निसर्गाने इथे जरा गैरसोयच केली आहे.

शनिवार, सकाळी 10. उरले 42 तास.
पुटक 35 मिलिमीटर. एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन आता दिलं तर साधारण दोन दिवसांत बीज सुटतं, म्हणजे वेळ तरी हाती येते. त्यासाठी सोनोग्राफी लागते. भट्टीवर ती कुठून येणार? शेजारी सांगतो, हिला माज आलाय. नर पलीकडच्या वस्तीवर आहे. भट्टी भरणं चालू आहे, फेऱ्या मोडायच्या नाहीत. उद्या संध्याकाळी आणू, असं ठरतं.

रविवार, संध्याकाळी 6. उरले 10 तास.
भराई लांबते. नर आणायचं राहून जातं.

सोमवार, पहाटे 4.
पुटक फुटतं. बीज नळीत उतरतं. तिथे शुक्रजंतू आधीच पोचलेले हवे होते.

दुपारी 4.
घोडीच्या अनुभवावरून, बीज चांगलं राहतं ते साधारण 12 तास. ते झाले.

बुधवार, सकाळी 8.
नर येतो. गाढवी लाथा झाडते. फुटलेल्या पुटकाच्या जागी पीतपिंड तयार होतोय, प्रोजेस्टेरॉन पुन्हा चढतंय.

बीज सुटल्यापासून सहावा दिवस.
गर्भ असता तर आता गर्भाशयात उतरला असता. घोडीत न फळलेलं बीज नळीतच अडकून राहतं. प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन या सुमारास पीतपिंडावर लागू पडतं आणि माज लवकर परततो. डॉक्टरला कुणी विचारत नाही.

पंधरावा दिवस.
गर्भ असता तर गर्भाशयभर फिरून त्याने आपली हजेरी लावली असती. हजेरी नाही, म्हणून गर्भाशय स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडतं. पीतपिंड मरतो.

अठरावा दिवस, शुक्रवार.
जबडा पुन्हा वाजतो. आज फळली तरी शिंगरू वर्षाहून अधिक काळाने, आणि तेही सहसा एकच. या वेळी मालक लगेच वस्तीवर निरोप धाडतो. उत्तर येतं: नर परवा विकला.