वृद्धाश्रमात अम्मी-अब्बांची हेळसांड झाली तर वकील कसा शोधायचा?

आपल्या समाजात आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलंय हेच मुळात लपवलं जातं. मग तिथे मारहाण झाली, उपाशी ठेवलं, पडून पडून पाठीला जखमा झाल्या, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? या शरमेत महिने जातात, आणि पुरावाही जातो.

वकिलाच्या आधी डॉक्टर. अम्मींना तिथून बाहेर काढा आणि थेट घाटीत न्या. जखमा कशा झाल्या ते स्पष्ट सांगा आणि पोलीस केस म्हणून नोंद करायला लावा. जखमांचे फोटो, प्रवेशाचा फॉर्म, पैसे भरल्याच्या पावत्या, तिथल्या मावशींचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडे बहुधा छोटा खासगी दवाखाना. तिथली केसपेपरची प्रत लेखी मागा. डॉक्टरांच्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत मिळायला हवी.

एक नाजूक गोष्ट बोलावीच लागते. इंतकाल झाला की आपल्याला दफनाची घाई असते. पण मृत्यू संशयास्पद वाटत असेल तर आधी पोलिसांना कळवा, पोस्टमॉर्टमला नाही म्हणू नका. त्यात मय्यतची बेअदबी होते असं घरातले मोठे म्हणतील. इमामसाहेबांशी बोला, त्यांनाच समजावू द्या. नंतर कबर उघडायची तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, आणि तोवर बऱ्याच खुणा मिटलेल्या असतात.

आता वकील. मोहल्ल्यातले जमिनीचे दावे चालवणारे वकीलसाहेब चांगले असतील, पण हे काम त्यांचं असेलच असं नाही. संस्थेने पैसे घेतले असतील तर मामला ग्राहक आयोगाचा: मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतो आणि वकिलाशिवायही चालवता येतो. फुकट सांभाळणाऱ्या ट्रस्टविरुद्ध मात्र हा रस्ता सहसा बंद. तिथे पोलीस आणि धर्मादाय आयुक्त. मारहाणीसाठी फौजदारी वकील हवा. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार मोडणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे: तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. पण अशा छोट्या शिक्षेच्या गुन्ह्यात वर्ष उलटलं की कोर्ट सहसा दखल घेत नाही. इलाजातच चूक झाली असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांचं मत लागतं, तेव्हा असे खटले लढलेलाच वकील पाहा. आणि मुलांनीच टाकून दिलं असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये वकिलाला मनाई लिहिली आहे, पण पंजाब-हरियाणा, दिल्ली आणि केरळ उच्च न्यायालयांनी वकिलाला परवानगी दिली आहे.

शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायची बंदी आहे, तेव्हा बोर्ड पाहून काही कळत नाही. एक सकाळ ग्राहक आयोगात जाऊन बसा, कोण कसं बोलतं ते ऐका. आयोगाच्या निकालांत वकिलांची नावंही असतात. भेटीत सरळ विचारा: अशी किती प्रकरणं चालवली, तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, फी किती टप्प्यांत, पावती देणार का? ‘जिंकलो तर इतके टक्के द्या’ असं कुणी म्हणालं तर उठून या. बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. मराठी वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या. वकिलाने दगा दिला तर त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलं. तक्रार महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे करावी लागते.

पैसे नसतील तर अदालत रोडवर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला आणि अपंगाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणजे अम्मींच्या नावाने अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागू नये. इतरांना वार्षिक तीन लाखांची मर्यादा. फोन १५१००. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, आणि आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर ११२.