आरांचे दोन जग

आम्ही तळोज्याच्या बचत गटातून बोलतोय.

मागच्या महिन्यात गटाच्या कर्जाचे अर्ज भरताना एक रकाना आला, ‘घरातील मौल्यवान वस्तू’. आम्ही बाराजणी. त्यातल्या नऊजणींनी ‘काही नाही’ असंच लिहायला सांगितलं. तेव्हा आम्हाला चित्रकार कृष्णाजी आरा आठवले.

आरांचा जन्म १९१४ सालचा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. आई लहानपणीच गेली. सातव्या वर्षी घरातून पळून त्यांनी मुंबई गाठली. पोटासाठी घरगडी झाले, लोकांच्या मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. चित्रं काढायची ती कामातून उरलेल्या वेळात. खारघरला चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी मीटिंगला येणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

मुलांच्या एलिमेंट्रीच्या परीक्षेत तांब्या, कांदा, केळं मांडून चित्र काढायला लावतात ना, त्याला स्थिरचित्र म्हणतात. मुंबईत जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. तिथेही अशी चित्रं म्हणजे हात बसवायचा सराव. मोठं चित्र म्हणजे राजा, देव, नाहीतर पुराणातला प्रसंग! आरांनी मात्र जग, बाटल्या, फळं, फुलदाण्या हाच आपला मुख्य विषय केला. तांब्या हुबेहूब चकाकला पाहिजे, असा त्यांचा हट्ट नव्हता. जलरंगसुद्धा ते तैलरंगासारखे जाड लावायचे. वस्तूचा आकार आणि तिचं वजन नजरेत भरलं पाहिजे. फ्रान्समध्ये सेझान या चित्रकाराने साध्या सफरचंदांना असाच मान दिला होता.

१९४२ साली आरांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन मुंबईत भरलं. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा अशा सहाजणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यातले गाडे आपल्या अमरावतीकडचे. आणि १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक आरांना मिळालं ते ‘दोन जग’ या चित्रासाठी. जग म्हणजे दुनिया नव्हे हो, पाण्याचे जग! ज्याने लहानपणी दुसऱ्यांच्या घरी काम केलं, त्याला पदक मिळालं ते घरातल्या भांड्यांच्या चित्रावर.

हे सगळं आम्ही गुरुवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं आणि विचारलं, तुमच्या घरातलं कुठलं भांडं चित्रात यावं? आधी नुसतं हसू. मग एकीने सासूची काठवट सांगितली. तिच्यात आता तांदळाच्या भाकरीचं पीठ मळत नाहीत, कांदे ठेवतात. एकीने पितळेचा हंडा गेल्याच वर्षी मोडीत घातला होता, ती गप्पच बसली. आणि आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकी म्हणाल्या, “माझा पाटा-वरवंटा जुन्या घराच्या मागे पावसात पडलाय. चौथ्या मजल्यावर कोण चढवणार?”

रविवारी आम्ही चौघी जाऊन तो आणणार आहोत.