मूग गिळून बसणाऱ्या आज्ञांची कुळकथा

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तारीख मराठीत मागायची सोय आहे. ‘एलसी ऑल’ या चलात मराठीचे लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची ठेवण, लिहायचे आणि पुढे ‘डेट’ ही आज्ञा द्यायची. मराठवाड्यातल्या पाटोद्यात बसून हे करून बघायला जुना लॅपटॉपही पुरतो. मशीनवर मराठी लोकेल बसवलेले नसेल तर तारीख येते खरी, पण वार इंग्रजी, महिना इंग्रजी, आकडे इंग्रजी. तक्रारीची एक ओळ नाही. आज्ञा संपताना मागे जो निकालाचा आकडा ठेवते तोही शून्य, म्हणजे तिच्या लेखी काम फत्ते. याच मशीनवर पर्ल चालवा. ते सुरू होतानाच कुरकुरते की सांगितलेले लोकेल लागले नाही. बॅशही बोलून दाखवते. डेट आणि फाइलींची यादी देणारी एलएस मात्र ढिम्म.

हा मुखस्तंभपणा आला कुठून? बेल लॅब्जमधल्या युनिक्सच्या घरात मितभाषी असणे ही शिस्तच होती. १९७३ मध्ये तिथे पाइप आले: डग मॅकिलरॉय यांची कल्पना, केन थॉम्पसन यांची अंमलबजावणी. एका आज्ञेने ओकलेले थेट दुसरीच्या तोंडात जाऊ लागले, तेव्हा मधेच कोणी ‘अहो, हे जमले नाही’ असे पुटपुटले तर पुढची आज्ञा तेही माहिती समजून गिळणार. मग गप्प बसणेच बरे.

पण तक्रारीला वेगळी वाट लवकरच निघाली. फोटोटाइपसेटरवर मजकूर पाठवावा आणि महागड्या कागदावर छापून यावा फक्त चूक झाल्याचा संदेश, असे प्रकार तिथे झाले आणि चुकांसाठी स्वतंत्र प्रवाह काढला गेला. म्हणजे सत्तरच्या दशकातच ‘बोलायचे तर इकडे बोल’ अशी जागा ठरली होती. डेटच्या मौनाला म्हणूनच जुन्या शिस्तीची सबब मला पटत नाही.

खरे मूळ सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात सापडते. कुठलाही प्रोग्राम सुरू होतो तो ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्ये, म्हणजे व्यवहारात इंग्रजीत. दुसरी भाषा हवी तर प्रोग्रामने सेटलोकेल हे फंक्शन बोलवायचे. ती भाषा नसली तर फंक्शन रिकाम्या हाताने परत येते आणि आधीचे लोकेल जसेच्या तसे राहते. ते रिकामे परत आले की नाही हे तपासायचे की नाही, ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. डेट, एलएस यांसारख्या जीएनूच्या छोट्या आज्ञा सेटलोकेल बोलावतात आणि उत्तराकडे बघतही नाहीत. पर्ल बघते. दोघांतला फरक एवढाच, पण तो सगळा वापरणाऱ्याच्या माथी येतो.

याहून मजेशीर प्रकार म्हणजे टक्क्याच्या खुणेनंतर येणारी ई आणि ओ ही दोन अक्षरे. तारखेचा साचा लिहिताना ई घातली की सन स्थानिक कालगणनेत यावा आणि ओ घातला की आकडे स्थानिक लिपीत यावेत, अशी ही व्यवस्था. हिच्यामागे जपानची गरज ठळक होती: तिथे सम्राट बदलला की सनही बदलतो. सी भाषेच्या सी९९ या प्रमाणात ही अक्षरे स्ट्रफटाइम या फंक्शनसाठीही आली. पण युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉसिक्स या प्रमाणात सोबत एक कलम आहे. लोकेलमध्ये पर्यायी रूप नसेल तर ई किंवा ओ लिहिलेच नव्हते असे समजून पुढे जावे. इथे दुर्लक्ष हा आळस नाही, तो नियम आहे! मागणी कागदोपत्री मान्य, आणि फेटाळलीही कागदोपत्रीच, फक्त मागणाऱ्याला न कळवता.

पाटोद्याकडे पाहिले तर ही ई काही परकी गरज वाटत नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दफ्तराची भाषा उर्दू, सन फसली. त्या सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. महिने आजूर, दै, बहमन असे. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. जमिनीचा जुना वाद उकरायचा तर आजही फसली सनाची बेरीज-वजाबाकी करावी लागते, आणि ती वकील तोंडी करतात.

आकड्यांची गोष्ट आणखी वाकडी. जीएनूच्या सी लायब्ररीने २.२ या आवृत्तीत प्रिंटएफला आय नावाची खूण दिली: पूर्णांक लोकेलच्या पर्यायी अंकांत छापा, ‘असतील तर’. हे ‘असतील तर’ पुन्हा तेच. दुसरीकडे युनिकोडच्या सीएलडीआर या सामायिक माहितीसाठ्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी वळणाचे. म्हणजे मराठीला तिथे मान मिळाला होता. तरी जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १३ व्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत, त्याच्या नेहमीच्या बांधणीत फक्त इंग्रजीचा साठा भरलेला असे. तारीख ‘एमआर-आयएन’ रूपात मागितली की अमेरिकी पद्धतीची तारीख, महिना आधी, निमूट हातात पडायची. ३ एप्रिलचे ४ मार्च वाचले जाण्याचा धोका इथे होता. नुसत्या लिपीपुरते हे प्रकरण राहत नव्हते.

कानाडोळा करणाऱ्या सगळ्याच आज्ञा लबाड नसतात. स्टुअर्ट फेल्डमन यांच्या मेक या आज्ञेची जीएनू आवृत्ती मदतपानावरच सांगते की बी आणि एम या खुणा जुन्यांशी जुळवून घेण्यापुरत्या आहेत, त्यांचे काही होत नाही. कॅटची यू ही खूणही तशीच. इन्स्टॉलची सी तर निवृत्तच झाली आहे: बीएसडीवर इन्स्टॉल फाइल हलवायचे, प्रत हवी तर सी लिहावी लागे, आता प्रतच होते, म्हणून सी नावापुरती. या खुणा काढून टाकल्या तर वर्षानुवर्षे चालत आलेल्या स्क्रिप्टा अडतील. दुर्लक्ष करतो असे लिहून दुर्लक्ष करणाऱ्याशी माझे भांडण नाही.

सध्या मात्र प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवायची रीत पडली आहे, आणि डेबियनच्या मूळ प्रतिमेत वजन कमी राखण्यासाठी भाषांची लोकेले भरलेलीच नसतात. तिथे मराठी तारीख मागण्याआधी ‘लोकेल’ ही आज्ञा ए या खुणेसह चालवून यादीत मराठी आहे का ते पाहावे, नसेल तर लोकेलचे पॅकेज बसवून मराठी तयार करून घ्यावी. डेटला विचारून हे कळणार नाही.