नजर जाण्याआधी जग पाहायला निघालेले कुटुंब

कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या एडिथ लेमे आणि सेबास्टियन पेलेटिए यांना चार मुले. त्यांतल्या तिघांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक आजार आहे. यात आधी अंधारात दिसेनासे होते, मग नजर कडेने आकसत जाते आणि पुढे दृष्टी जाऊही शकते. तिघांच्या आजारावर खात्रीचा इलाज नाही.

थोरल्या मुलीचे निदान २०१८ मध्ये झाले. तिच्या मनात जमतील तेवढी दृश्ये साठवा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. मग हत्ती पुस्तकातला कशाला, खराच दाखवू, असे आईवडिलांनी ठरवले. २०२० चा बेत कोरोनामुळे हुकला. अखेर मार्च २०२२ मध्ये सहाही जण निघाले. पहिला देश नामिबिया.

मुलांनी इच्छांची यादी केली होती. कुणाला आगगाडीत झोपायचे होते, तर धाकट्याला उंटावर बसून ज्यूस प्यायचा होता! (मोठ्यांना असले सुचत नाही.) तो प्यायलाही.

सुमारे वर्षभराने सगळे घरी परतले. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘ब्लिंक’ हा माहितीपट आला.

आंधळे होणे म्हणजे काय, मला गाडी चालवता येईल का, असे धाकट्याने आईला विचारले होते. तेव्हा तो पाच वर्षांचा होता.