गोड पानाची कुळकथा

स्टेव्हिया हे शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल यांच्या कुळातले, जेमतेम कमरेपर्यंत वाढणारे झुडूप. पॅराग्वेच्या ईशान्येला, ब्राझीलच्या हद्दीलगतच्या आमाम्बाय डोंगररांगेच्या परिसरातील ओलसर, रेताड माळ हे त्याचे मूळ घर. फुले बारीक, पांढरी, नजरेत न भरणारी. सगळी किमया पानात. पान चघळले की आधी हिरवट चव लागते, मग गोडवा जिभेवर येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. त्याच्या मागोमाग ज्येष्ठमधाची आठवण करून देणारी कडवट छटा येते. साखरेचा ‘नैसर्गिक, शून्य कॅलरीचा’ पर्याय म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे कूळ या पानापाशी जाऊन पोचते. पण पान आणि पुडी यांच्यामध्ये बरेच काही घडून गेले आहे.

गुआरानी लोक या झुडपाला ‘काआ हेए’ म्हणतात. ‘काआ’ म्हणजे पाला, ‘हेए’ म्हणजे गोड. त्यांचे रोजचे पेय म्हणजे येर्बा माते, तेही एका झाडाच्या पानांचे आणि चवीला कडू. त्यालाही ते ‘काआ’च म्हणतात. कडू पाल्याच्या पेयात गोड पाला टाकायचा, काढ्याचा कडवटपणा मारायचा, मुलांनी रानात हिंडताना पाने चघळायची, एवढाच त्याचा उपयोग होता. मराठी माणसाला ही रीत परकी नाही. विड्यात गुंजेचा पाला घालतात, घसा बसला की तो चघळायला देतात. गुंजेच्या पानातला गोडवाही साखरेचा नसतो. स्टेव्हियाप्रमाणेच तो ग्लायकोसाइड वर्गातल्या द्रव्यांचा असतो. तिच्या बिया मात्र जहाल विषारी. गुंज पानदानाबाहेर कधी पडली नाही; काआ हेएच्या नशिबी जगप्रवास होता.

त्या प्रवासाची सुरुवात मोइसेस सांतियागो बेर्तोनी या स्विस निसर्गशास्त्रज्ञापासून होते. बेर्तोनी 1857 मध्ये स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात जन्मला आणि 1884 मध्ये कुटुंबकबिल्यासह दक्षिण अमेरिकेत आला. पुढे त्याने पाराना नदीच्या काठी वसाहत उभारली आणि पॅराग्वेच्या वनस्पती, हवामान, भाषा अशा मिळेल त्या विषयावर आयुष्यभर लिहिले. या गोड पाल्याबद्दल त्याने 1887 मध्ये स्थानिक वाटाड्यांकडून ऐकले. प्रत्यक्ष नमुना हाती यायला बारा वर्षे लागली, आणि तोही चुरगळलेल्या, वाळक्या पानाफुलांचा. तेवढ्या चुऱ्यावरून त्याने 1899 मध्ये वनस्पतीचे वर्णन छापले आणि तिला ‘युपाटोरियम रेबाउदियानम’ असे नाव दिले. जिवंत रोप त्याला 1903 मध्ये एका पाद्रीबाबांकडून मिळाले. ते पाहिल्यावर आपण वनस्पती चुकीच्या प्रजातीत घातल्याचे त्याच्या ध्यानात आले आणि 1905 मध्ये त्याने नाव दुरुस्त केले: ‘स्टेव्हिया रेबाउदियाना’.

या नावाची स्वतंत्र गंमत आहे. ‘स्टेव्हिया’ ही प्रजाती स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ कावानीयेस याने 1797 मध्येच, अमेरिका खंडातील दुसऱ्याच वनस्पतींवरून, स्थापन केली होती. नाव दिले ते सोळाव्या शतकातील व्हॅलेन्सियाचा वैद्य आणि वनस्पतिज्ञ पेद्रो हाइमे एस्तेवे याचे. एस्तेवेचे लॅटिन रूप ‘स्टेव्हस’. ‘रेबाउदियाना’ हा मान ओविदिओ रेबाउदी या पॅराग्वेतील रसायनतज्ज्ञाचा, ज्याने पानातल्या गोड द्रव्याचे पहिले पृथक्करण केले. म्हणजे नावाचा एक भाग झुडूप कधीच न पाहिलेल्या माणसाचा, दुसरा ते परीक्षानळीत पाहिलेल्याचा. ज्यांनी ते शेकडो वर्षे पेल्यात टाकले, त्यांच्या भाषेतले एक अक्षरही शास्त्रीय नावात नाही. दीडशेहून अधिक जातींच्या या प्रजातीत एवढी गोड पाने याच एका जातीची आहेत, हे पाहता ‘काआ हेए’ हेच नाव सर्वांत नेमके होते.

गोडव्याचे रसायन उलगडायला आणखी वेळ गेला. ब्रिदेल आणि लाव्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी 1931 मध्ये पानातून स्टेव्हिओसाइड हे शुद्ध, स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले आणि ते साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड असल्याचे नोंदवले. स्टेव्हिऑल नावाच्या सांगाड्याला ग्लुकोजचे रेणू चिकटले की ही द्रव्ये तयार होतात. स्टेव्हिओसाइडमध्ये ग्लुकोजचे तीन रेणू असतात, रेबाउदिओसाइड-ए मध्ये चार. ग्लुकोजची ही चढण वाढत जाते तसा कडवटपणा बहुधा कमी होतो आणि चव साखरेच्या जवळ येते. पानात स्टेव्हिओसाइड साधारणपणे अधिक आणि ‘रेब-ए’ कमी असते. नंतरचा बराचसा व्यापार हे प्रमाण उलटवण्यासाठीच झटला.

ग्लुकोज असूनही कॅलरी का नाहीत? जठर आणि लहान आतड्यातील पाचकरसांना हा रेणू तोडता येत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू ग्लुकोज काढून घेतात, उरलेले स्टेव्हिऑल रक्तात शोषले जाते, यकृत त्यावर प्रक्रिया करते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. शिवाय लागणारी मात्राच इतकी चिमूटभर की तिच्यातून मिळून मिळून ऊर्जा मिळणार किती?

दुसऱ्या महायुद्धात साखरेची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनमध्ये या झुडपाचा विचार झाला होता, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. खरी संधी जपानने साधली. जपानने 1969 मध्ये सायक्लामेट या कृत्रिम गोडव्यावर बंदी घातली. सॅकरिनबद्दलही संशय होता. गोडवा हवा, पण तो प्रयोगशाळेतला नको, अशी मागणी उभी राहिली. तेत्सुया सुमिदा या कृषितज्ज्ञाने रोपे जपानात आणून लागवडीचे प्रयोग केले आणि 1971 मध्ये मोरिता कागाकू कोग्यो या कंपनीने स्टेव्हियाचा अर्क बाजारात आणला. जपान्यांनी तो केवळ चहा-कॉफीत घातला नाही. लोणची, सोया सॉस, सुकवलेली मासळी यांत तो गेला, कारण साखरेसारखा तो पदार्थ तांबूस करत नाही आणि खारटपणाची धार मऊ करतो. स्वयंपाकात स्टेव्हिया कुठे शोभतो, हे सर्वांत आधी आणि सर्वांत नीट जपानला उमगले.

पाश्चात्त्य देशांत वाट अडखळती होती. उंदरांवरील 1968 सालच्या एका प्रयोगात पानांच्या काढ्याने प्रजननक्षमता घटल्याचे प्रसिद्ध झाले. 1985 मध्ये स्टेव्हिऑल काही विशिष्ट परिस्थितीत जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवते असे दिसले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1991 मध्ये आयातच रोखली. मग 1995 मध्ये तोच पाला ‘पूरक आहार’ म्हणून विकायला मुभा मिळाली. एकच वस्तू एका फळीवर वैध आणि शेजारच्या फळीवर अवैध, असा हा नमुना पुढे बरीच वर्षे टिकला. अखेर 2008 मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने स्वीकार्य मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 4 मिलिग्रॅम, तेही स्टेव्हिऑलच्या हिशेबात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 240 मिलिग्रॅम. त्याच वर्षी अमेरिकेत शुद्ध रेब-ए ला मोकळीक मिळाली, 2011 मध्ये युरोपीय संघाने परवानगी दिली आणि 2015 मध्ये भारताने. ही सगळी मान्यता आहे ती किमान 95 टक्के शुद्ध केलेल्या अर्काला. खुद्द पानाला अमेरिकेत गोडवा आणणारा घटक म्हणून अजूनही मान्यता नाही.

शुद्ध करायचे म्हणजे काय? वाळलेली पाने गरम पाण्यात भिजवायची, पाणी गाळून त्यातला गाळ आणि रंग काढायचा, ते रेझिनच्या नळकांड्यांतून सोडायचे, रेझिनने धरलेले गोड द्रव्य अल्कोहोलने सोडवायचे आणि पुन:पुन्हा स्फटिक पाडायचे. पानाचा हिरवा रंग, गवताळ वास आणि इतर सर्व द्रव्ये वाटेत गळतात. अलीकडे पानात अत्यल्प असलेले, पण चवीला उजवे रेब-एम जनुकीय बदल केलेल्या यीस्टकडूनही बनवून घेतले जाते. त्याला झुडपाची गरजच उरत नाही. अशा भुकटीच्या पाकिटावर ‘नैसर्गिक’ हा शब्द छापावा का, याचे उत्तर रसायनशास्त्रापेक्षा जाहिरातशास्त्रात शोधणे सोपे.

जगातील बहुतेक स्टेव्हिया आज चीनमध्ये पिकतो. मूळ ज्ञानाच्या मालकांना यातून काय मिळाले, हा प्रश्न 2015 मध्ये काही युरोपीय संस्थांनी एका अहवालातून मांडला, आणि त्यानंतर पॅराग्वे व ब्राझीलमधील गुआरानी समाजांनीही लाभात वाटा मागितला. जैविक साधनांच्या लाभाची न्याय्य वाटणी सांगणारा नागोया करार 2014 पासून अमलात आहे.

स्वयंपाकघरात ही भुकटी पोचते तेव्हा तिची ओळख बदलते. 200 ग्रॅम साखरेचा गोडवा द्यायला शुद्ध अर्क एक ग्रॅमही पुरतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. साखर फक्त गोड नसते. नानकटाईत तूप आणि पिठीसाखर फेसताना ती हवा धरून ठेवते, केकमध्ये ओलावा राखते आणि पोत मऊ ठेवते, कडेला तांबूस रंग आणते, आणि सरळ सरळ पातेल्यातली जागा भरते. ग्रॅमभर भुकटी यातले एकही काम करत नाही. ओव्हनच्या उष्णतेत ती टिकते खरी, पण केक बुटका, फिकट आणि लवकर कोरडा होतो. पाक तर होतच नाही: एकतारी नाही, दोनतारी नाही. म्हणून बुंदीचे लाडू, गुलाबजाम, चिक्की हे पदार्थ तिच्या हद्दीबाहेरचे. मोरांबाही तिच्यावर टिकत नाही, कारण मोरांबा टिकतो तो साखर पाणी बांधून ठेवते म्हणून. जिथे फक्त गोडवा हवा, तिथे ती खुशाल वापरावी: चहा, कॉफी, लिंबाचे सरबत, कोकम, पन्हे. हात मात्र आखडता ठेवावा, कारण मात्रा वाढली की गोडी न वाढता कडवटपणा वर येतो.

ही जागा भरण्यासाठीच बाजारातल्या पुड्यांत भरणाची द्रव्ये आली. त्यांतले मुख्य म्हणजे एरिथ्रिटॉल. जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने दगडफुलाच्या जातकुळीतील लायकेनमधून ते 1848 मध्ये शोधले. आता ते ग्लुकोज आंबवून बनवतात. साखरेच्या 60 ते 70 टक्के गोडी, ग्रॅमला जेमतेम 0.2 कॅलरी. त्याने केकला आकार येतो, पण तांबूस रंग येत नाही, जिभेवर गारवा जाणवतो आणि थंड झाल्यावर ते पुन्हा कणीदार होते. बिस्किटांना हा कुरकुरीतपणा चालतो, मऊ केकला नाही. रक्तात एरिथ्रिटॉलची पातळी जास्त असलेल्यांत हृदयविकाराचे झटके अधिक दिसले, असे 2023 मध्ये एका अमेरिकी अभ्यासात आढळले. शरीर स्वतःही हे द्रव्य थोडे बनवते, त्यामुळे कारण कोणते आणि खूण कोणती, हा वाद मिटलेला नाही. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजने भरलेल्या पुडीत तर ग्रॅमला साखरेइतक्याच, चार कॅलरी असतात. चहापुरत्या मात्रेत त्या नगण्य ठरतात, केकच्या वाटीत ठरत नाहीत.

चिनी ‘लुओ हान ग्वो’ हे ग्वांगशी प्रांतातील वेलफळ स्टेव्हियाचे अलीकडचे प्रतिस्पर्धी. त्याची चव थोडी सरस आणि किंमत बरीच चढी. पण तोही अर्कच, आणि केकमध्ये त्याची गतही तीच.

वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोडवे वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये केली. तिच्यात स्टेव्हियाचे नाव स्पष्ट आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना मात्र ती लागू नाही. त्यांनी आणि इतरांनीही पुडी घेताना पुढची बाजू सोडून मागची वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, आणि स्टेव्हियाचे नाव त्या ओळीत बहुधा शेवटच्या टोकाला सापडते.