मेटासर्च आणि 'नांदेर'

एकच प्रश्न अनेक शोधयंत्रांना एकदम विचारणारं 'मेटाक्रॉलर' १९९५ साली वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालं, म्हणजे गूगलच्याही आधी. वेळ वाचतो खरा. पण मंडळी, तुम्ही दिलेला शब्दच ते चहूकडे फिरवतं, आणि घराण्याचा इतिहास शोधताना माझं तिथेच अडतं. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरात नांदेड सापडतं ते 'नांदेर' म्हणून. उर्दूतला 'ड़' इंग्रजीत 'र' लिहीत. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यात शोधावं लागतं, वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. (आता उस्मानाबादचंही धाराशिव झालंय, म्हणजे आणखी एक शब्द!) तेव्हा आजोबांच्या, निजामाच्या काळातलं काही हवं असेल तर आधी १९४८ पूर्वीची नावं वहीत उतरवा, मग यंत्राला विचारा. उदगीर, कंधारची जुनी स्पेलिंगं नात्यात कुणाकडे असतील तर मला हवी आहेत.