मजकूर कशात लिहावा? टेक्स्ट एडिटरच्या निवडीमागचा इतिहास

संगणकावर रोजचं लिहायला कोणता टेक्स्ट एडिटर चांगला, हा आजचा विषय. पत्रं, टिपणं, गावाचा इतिहास, भजनी मंडळाचा हिशेब, सगळं आता लोक संगणकावर लिहू लागले आहेत, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. उत्तराआधी प्रश्न तपासायचा, ही आमची जुनी खोड. आणि हा प्रश्न तपासायला थोडं इतिहासात जावं लागतं.

इंग्रजीच्या जगात हा वाद जुना आहे. १९७६ साली बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत ‘ईमॅक्स’ उभा केला. पुढे दोघांच्या भक्तांमध्ये शैव-वैष्णवांसारखी भांडणं झाली. कशात बोटं कमी हलतात, कशात कळा जास्त लक्षात ठेवाव्या लागतात, यावर वर्षानुवर्षं खल चालला. पण एक गोष्ट बघा. दोन्हींतून तयार होणारी फाइल एकाच जातीची होती, साधा मजकूर. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडायचं. भांडण बोटांचं होतं, मजकुराला त्याची झळ लागत नव्हती.

मराठीत तसं नव्हतं. इथे साधन बदललं की मजकूरच हातचा जायचा. असं का झालं?

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचं संकेतमानक प्रसिद्ध केलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे ‘क’साठी सगळीकडे एकच क्रमांक, ही व्यवस्था तत्त्वतः तेव्हाच ठरली. पण विंडोजवर युनिकोडची देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २०००पासून. तोवर लोकांनी थांबायचं का? लग्नपत्रिका, स्मरणिका छापायच्याच होत्या. म्हणून एक युक्ती निघाली. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘राम’ लिहिलं, तर फाइलमध्ये साठतात जे, के, ई ही तीन रोमन अक्षरं. फॉन्ट आहे तोवर राम, फॉन्ट गेला की नुसतं जे-के-ई. त्यातून फॉन्टांच्या घराण्यागणिक हा नकाशा वेगळा.

यात कुणाला दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही. संगणक तेव्हा टाइपरायटरची जागा घेत होता, आणि टाइपरायटरला फक्त कागद माहीत असतो. टाइपरायटरवर ‘वाशिम’ लिहिताना शची वेलांटी आधी उमटवायची आणि श नंतर, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये श आधी साठतो आणि वेलांटी नंतर, जसं आपण बोलतो तसं. एकाने डोळ्याचा क्रम धरला, दुसऱ्याने उच्चाराचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो शोधायला गेल्यावर.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे जिल्ह्याची पहिली वर्षं नेमकी या फॉन्टांच्या काळातली. त्या वर्षांतल्या स्मरणिका, वार्षिकांक, कुणा गुरुजींनी लिहिलेला गावाचा इतिहास, यांतलं जे अशा फॉन्टांत झालं ते कागदावर वाचता येतं, पण फाइल उघडली की फॉन्टावाचून नुसता रोमन गोंधळ दिसतो.

याच वाशीमला, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्मात, दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. चौथ्या शतकातला तो मजकूर अभ्यासकांना आज वाचता येतो, कारण अक्षरं त्या काळच्या सर्वांच्या वापरातली होती. तो कोणत्या छिन्नीने कोरला, हे कुणी विचारत नाही. उलट महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. पोथ्या शाबूत होत्या, पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांना किल्ली सापडेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला त्या बंदच होत्या. त्यांनी ते जाणूनबुजून केलं, जपणुकीसाठी. फॉन्टांनी तेच नकळत केलं.

तेव्हा एडिटर म्हणजे छिन्नी. ती आवडीची असावी, पण निवड करायची ती अक्षरांची. आमचं मत विचाराल तर रोजच्या टिपणांना साधा नोटपॅड पुरतो. २०१९पासून विंडोज १०मधला नोटपॅड नवीन फाइल आपणहून यूटीएफ-८मध्ये ठेवतो. त्याआधीच्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडून जतन केलं, की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरायची. लांब लेखन, तळटीपा असतील तर लिब्रेऑफिस घ्या. दुसरं काही आवडत असेल तर तेही चालेल, फक्त तीन कसोट्या लावा. ‘शेतकऱ्यांचा’ असं लिहून बघा, ‘शेतकर्यांचा’ होत असेल तर कीबोर्डची मांडणी बदला. मग लांब मजकुरात ‘वाशिम’ शोधा, सापडलं पाहिजे. ‘वाशीम’ असं दीर्घ लिहिलेलं त्यात येणार नाही, तो प्रश्न आपल्या दोन लेखनांचा आहे, एडिटरचा नव्हे. शेवटी तीच फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडा. तिथे वाचता आली, तर निवड बरोबर.

आणि घरी जुन्या फाइली असतील, तर तो फॉन्ट एखाद्या तरी संगणकावर जिवंत आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलून देणारी साधनं आहेत, पण ती जोडाक्षरांत आणि ‘ऱ्या’मध्ये चुकतात. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून एकदा ओळ न् ओळ ताडून बघा. हे काम ज्यांनी तो मजकूर लिहिला, ते आपल्यात आहेत तोवरच नीट होईल.